उघड्या रेतीवरच्या साळुंक्या

शोभा, परवा मी तुझी छत्री आणली. काळी, लाकडी मुठीची, एक काडी मोडलेली. सध्या माझ्या घरी दाराच्या मागे टांगली आहे. तुझ्या लेकाला अजून दिलेली नाही, आणि देईन की नाही तेही ठरलेलं नाही. तू गेलीस त्याला आज तेवीस दिवस झाले. या तेवीस दिवसांत मी तुझ्यासाठी जेवढी रडले त्याहून जास्त तुझ्यावर चिडले, आणि हे दुसऱ्या कुणाला सांगायची सोय नाही. गेलेल्या माणसावर चिडलेली बाई लोकांना आवडत नाही. म्हणून तुलाच सांगते. तू नेहमी भांडण सुरू झालं की चपला घालून निघून जायचीस. आता बस आणि ऐक.

तुझ्या पुण्यानुमोदनाला मांडव भरला होता. वंदना झाली, मग एकेक जण बोलायला उठला. रामटेककडच्या खेड्यांतून बाया आल्या होत्या, जिथं तू तीस वर्षं नर्सबाई म्हणून बाळंतपणं केलीस. एकीनं आपल्या कॉलेजातल्या पोरीला माइकपाशी ओढून आणलं आणि म्हणाली, "हे पायाळू होती. सारे म्हनत होते नागपूरले न्या. रस्ता कुठं होता तवा? नर्सबाईनं घरीच सोडवली." पोरगी लाजून खाली पाहत होती. मी त्या दिवशी तिथं पहिल्यांदा रडले. त्या बाईनं मला जवळ घेतलं, तिला वाटलं मी तुझी बहीण आहे. मीही काही सांगितलं नाही.

मग आपल्या पक्षीगटातले लेन्सवाले साहेब उठले. त्यांचं खरं नाव आपण दोघींनी कधी घेतलंच नाही, आताही घेत नाही. शोभाताईंचं निसर्गप्रेम वगैरे दहा मिनिटं बोलले आणि शेवटी पिशवीतून कागदात गुंडाळलेली फ्रेम काढून तुझ्या फोटोशेजारी ठेवली. नदीसुरय. पंख वर उचललेले, पिवळी चोच उघडी, खाली रेती. लोक म्हणाले, काय सुंदर आहे. त्याच रविवारचा फोटो तो, शोभा. ज्या रविवारचं नावसुद्धा आपण दोघी चार वर्षं काढत नव्हतो, तो त्यांनी काचेत बसवून तुला वाहिला. तो पक्षी फोटोसाठी पंख उचलून नव्हता, जीव तोडून ओरडत होता. तुझ्या लेकानं हात जोडून फ्रेम घेतली. आता ती तुमच्या हॉलमध्ये टीव्हीच्या वर लागली आहे. मी गप्प राहिले, कारण बोलायचं तर आधी मला माझं स्वतःचं सांगावं लागलं असतं.

निघताना तुझ्या सुनेनं माझ्या हातात ते लांबट रजिस्टर दिलं. "मावशी, हे आईचं पाखराइचं रजिस्टर. आमाले याच्यातलं काही समजत नाही. तुमीच ठेवा." मी ते पिशवीत टाकलं आणि आठ दिवस उघडलं नाही.

ते रजिस्टर मला नवं नव्हतं. गोरेवाडा तलावाच्या पाळीवर तू पहिल्यांदा दिसलीस तेव्हा ते तुझ्या मांडीवर होतं. मी पोस्टातून नुकतीच रिटायर झालेली, डॉक्टरनं चालायला सांगितलं म्हणून चालत होते. तू डोळ्यांना दुर्बीण लावून बसली होतीस. मी विचारलं, "काय पाहून राहिल्या बाई?" दुर्बीण न काढता तू म्हणालीस, "बसा खाली. उभ्यानं काही दिसत नाही." मी बसले, आणि मग अकरा वर्षं बसतच राहिले. साठीपर्यंत मला सगळे बगळे एकच होते. तांबट झाडावर ठोकत असतो आणि दिसत का नाही, पळस फुलला की त्याच्यावर सकाळी कोण येतं आणि दुपारी कोण येतं, टिटवी लंगडल्याचं सोंग करून आपल्याला घरट्यापासून लांब कशी नेते, हे सगळं तुझ्यामुळं कळलं. नवरा गेल्यावर माझ्या सकाळी नुसत्या लांबत जायच्या. त्या तू भरून दिल्यास. हे मी तुला कधी बोलले नाही. चिडलेली असले तरी आज बोलून टाकते.

पाखरंसुद्धा तू नर्सबाईसारखीच पाहायचीस. बाकीचे लोक वहीत पक्ष्याचं नाव आणि तारीख लिहितात. तू उपकेंद्रातलं रद्दीत निघालेलं कोरं रजिस्टर आणलं होतंस, त्याचे रकाने छापलेले होते: मातेचे नाव, गाव, प्रसूतीचा दिनांक, बाळ, मृत्यू असल्यास कारण, पुढील भेट. त्याच रकान्यांत तू घरटी लिहायचीस. 'टिटवी. गोरेवाडा. अंडी चार. बाळं तीन, ठीक. पुढील भेट बुधवार.' मी म्हणायची, शोभे, आता तिला लोहाच्या गोळ्या पण दे. तू हसायची नाहीस. "जिच्या घरी आपन दुसऱ्यांदा जाणार नाही, तिची नोंदच नाही कराची," असं म्हणायचीस आणि खरंच बुधवारी जायचीस. तुझी स्कूटी, मागे मी, माझ्या मांडीवर डबा.

आणि साळुंक्यांचं तुला आठवतं ना? दुसऱ्या वर्षी. जुन्या अर्जुनाच्या ढोलीत गव्हाणी घुबडाची पिल्लं होती, पांढऱ्या लोकरीची, तीन. घुबडं लोक कशाकशासाठी पकडून नेतात हे तू मला तेव्हा सांगितलंस. तेवढ्यात एक जण मोटारसायकल थांबवून आला. "काय दिसून राहिलं काकू?" तू दुर्बीण पदरात घेतलीस आणि म्हणालीस, "काही नाही गा भाऊ. साळुंक्या." त्याचं तोंड उतरलं आणि तो गेला. साळुंकीसाठी कुणी थांबत नाही. तेव्हापासून तो आपला शब्द झाला. कुणी विचारलं की साळुंक्या. जेवढं मोठं काही दिसलेलं असेल तेवढ्या साळुंक्या जास्त. एकदा मोरघार घरट्यावर बसलेली पाहून आपण परत येत होतो आणि तू एकाला गंभीर तोंडानं सांगितलंस, "आज तं लयच साळुंक्या होत्या." मला हसू आवरेना. मी खोकल्याचं नाटक केलं आणि त्या माणसानं मला पाणी दिलं. शब्द दोघींचा होता आणि बाहेरच्यांसाठी केलेला होता. एवढं लक्षात ठेव.

माझ्या तोंडात तीळ भिजत नाही हे तू पहिल्या महिन्यातच ओळखलं होतंस. पोस्टात जन्म गेला माझा. आलेलं ज्याचं त्याला पोचवायचं, आपल्याकडे ठेवायचं नाही, हीच सवय. तू यावरून मला चिडवायचीस आणि मला ते आवडायचं.

चार वर्षांपूर्वीच्या फाल्गुनात आपण पारशिवनीच्या पुढं गेलो. नदीचं पाणी उतरलं की तिथं पात्रात रेतीचं एक बेट वर येतं. रामाजी नावाच्या मासेमारानं आपल्याला डोंग्यातून नेलं. सात जोड्या होत्या नदीसुरयांच्या. काळी टोपी, पिवळी चोच, दुभंगलेली शेपटी. अंडी उघड्या रेतीवर, ना काडी ना गवत, रेतीच्याच रंगाची. पाय टाकायची भीती वाटत होती. आपण झाऊच्या झुडपाआड बसलो. मादी नदीवर जाऊन पोट भिजवून यायची आणि तशीच ओली अंड्यांवर बसायची. तू माझा हात दाबलास. "पाह्य वं कुंदे, ओल्या फडक्यानं ताप उतरवून राहिली." तुझे डोळे भरून आले होते. मग निघताना म्हणालीस, "हे गटावर नको टाकजो." मी हो म्हटलं.

आणि टाकलं, फोटोसकट. कारण आठच दिवस आधी लेन्सवाले साहेब सगळ्यांसमोर म्हणाले होते की या दोघी काकू चिमण्या मोजतात. मला त्यांना दाखवायचं होतं. गावाचं नाव मी लिहिलं नाही, तेवढी अक्कल होती. पण फोटोत पक्ष्याच्या मागे, नदीच्या त्या काठावर, पाण्याची टाकी होती आणि तिच्यावर हातभर अक्षरांत गावाचं नाव रंगवलेलं होतं. ते मला दिसलंच नाही. बाकी सगळ्यांना दिसलं.

रविवारी सहा गाड्या गेल्या. तर्रीपोहे बांधून नेले होते, हे मला नंतर गटावरच्याच फोटोंत दिसलं. रामाजी घरी नव्हता, दुसऱ्या कुणाचा तरी डोंगा काढला. तीन तास ते लोक बेटावर होते. तेवढा वेळ सुरय वर घिरट्या घालत ओरडत होते आणि अंडी उन्हात उघडी. माणसं गेल्यावर उरलीसुरली कावळ्यांनी पाहिली. आपण मंगळवारी गेलो, रजिस्टरात 'पुढील भेट मंगळवार' होतं म्हणून. बेटावर एक पक्षी नव्हता. तू एक अंडं उचलून हातात धरलंस. "उकडलं वं," एवढंच म्हणालीस. मग तिथंच रेतीवर बसून रजिस्टर भरलंस. मी पाहिलं नाही, माझ्यात ताकद नव्हती.

कामठीपर्यंत तू एक शब्द बोलली नाहीस. कामठीला स्कूटी थांबवलीस, दोन चहा सांगितलेस. मी म्हटलं, "माझं चुकलं शोभा." तू म्हणालीस, "चहा घे." बस. तेवढंच आपलं भांडण. तू मला दोन शिव्या दिल्या असत्यास, रस्त्यात उतरवून दिलं असतंस, महिनाभर अबोला धरला असतास, तर मला सोसलं असतं. तू चहा पाजलास आणि पुढच्या बुधवारी नेहमीसारखी गोरेवाड्याला न्यायला आलीस. मी मूर्ख, मला वाटलं तू माफ केलंस.

पुढच्या वसंतात मी विचारलं, जायचं का नदीवर? तुझ्या ओट्यापाशी मेथी निवडत होते मी. तू म्हणालीस, "मी जाऊन आली. काही नाही तिथं."

"आलेच नाहीत?"

"नाही वं. साळुंक्या."

मला ते खरंच वाटलं, शोभा. रिकामा काठ, आणि दोन-चार साळुंक्या उड्या मारताहेत, असंच चित्र माझ्या डोळ्यांपुढं आलं. बाहेरच्यांसाठीचा शब्द तू मला लावशील हे माझ्या डोक्यातही आलं नाही. त्याच्या पुढच्या वर्षीही मी विचारलं आणि तू तेच सांगितलंस, तसंच, पोळी लाटता लाटता. माझ्यामुळं एक अख्खी वस्ती उठली आणि ती परत येणार नाही, हे मी मनाशी धरून चालले. गटात लिहिणं सोडलं, नुसतं वाचायची. फाल्गुन लागला की लोकांना पळस दिसतो, मला ती टाकी दिसायची.

गेल्या बुद्धपौर्णिमेला तू खीर खायला बोलावलंस. वाटी हातात घेऊन मी तुला विचारलं, "माझ्याच्यानंच गेले ना वं ते?" तू म्हणालीस, "जुनं काहून उकरून राहिली? खीर खाय." आणि आणखी एक पळी वाढलीस. तेव्हा सांगता आलं असतं तुला. घरात आपण दोघीच होतो.

मग या वर्षी तो दवाखाना. दुसऱ्या दिवशी दुपारी तू डोळे उघडलेस, माझ्याकडे पाहिलंस आणि स्पष्ट म्हणालीस, "कुंदे, छत्री रामाजीकडं राहिली." मी म्हटलं, रामाजीकडं? आपन चार वर्षांत तिकडं गेलो कुठं? तू डोळे मिटलेस. मला वाटलं, औषधांनी बरळते आहे. ते तुझं माझ्याशी शेवटचं बोलणं. मंगळवारी पहाटे तू गेलीस. लोक शेवटचं काही बोलल्या का म्हणून विचारतात आणि मला सांगावं लागतं, छत्री.

या सोमवारी दुपारी जेवण झाल्यावर गॅलरीत बसून मी रजिस्टर उघडलं. आधी त्या वर्षीचं पान काढलं. 'नदीसुरय. माता सात. अंडी पंधरा. बाळ नाही. मृत्यू पंधरा.' आणि कारणाच्या रकान्यात एकच शब्द: 'ऊन'. त्याच्यावर मी किती वेळ बोट ठेवून बसले मला माहीत नाही. गर्दी लिहिता आलं असतं. माझं नाव लिहिता आलं असतं, रकान्यात जागा होती. तू ऊन लिहिलंस. तू सरकारी कागदावर कधी खोटं लिहिलं नाहीस, वरच्या साहेबानं सांगितलं तरी नाही, ही तुझी ख्याती. तेवढ्या एका शब्दासाठी मी तुझी आभारी आहे, आणि तेवढ्यापुरतीच.

कारण पुढच्या वसंताच्या पानावर लिहिलं होतं: 'साळुंकी. माता पाच. अंडी अकरा, उघड्या रेतीवर.' गावाचा रकाना कोरा.

साळुंकी ढोलीत घर करते, भिंतीच्या भोकात करते, बंद पडलेल्या दिव्याच्या खांबात करते. उघड्या रेतीवर साळुंकीनं अंडं घातल्याचं जगात कुणी पाहिलेलं नाही. हे मला शिकवलंस तूच. पान उलटलं, त्याच्या पुढच्या वर्षी साळुंकी, माता सहा. त्याच्या पुढच्या वर्षी साळुंकी, माता सहा, बाळं नऊ, 'सगळी उडाली'. त्या नोंदीची तारीख बुद्धपौर्णिमेच्या आदल्या दिवसाची होती. म्हणजे आदल्या दिवशी तू नऊ पिल्लं उडताना पाहून आलीस, आणि दुसऱ्या दिवशी मला म्हणालीस, खीर खाय. शेवटची नोंद या वर्षीची. 'साळुंकी. जोड्या सात. अजून अंडी नाहीत. पुढील भेट मंगळवार.' त्याच मंगळवारी आम्ही तुला घाटावर नेलं.

मला रडू आलं नाही. मी तुला एक शिवी दिली, मोठ्यानं. शेजारच्या वहिनींनी कपडे वाळत घालता घालता वळून पाहिलं. तीन वसंत तू मला गुन्हेगार म्हणून जगू दिलंस, आणि स्वतः तिकडे झुडपाआड बसून पिल्लं मोजत होतीस. ही शिक्षा होती का माझी? किती दिवसांची होती? मला विचारायचं तरी होतंस की सोसवेल का. पाखरांपाशी उन्हात बसायला तुझ्याकडे छत्री होती, आणि माझ्यासाठी एक शब्द नव्हता. गावाचं नाव नसतं सांगितलं तरी चाललं असतं. 'आले वं' एवढंच म्हणायचं होतं. मी गाव विचारलं नसतं.

विचारलं असतं. ठीक आहे, विचारलं असतं.

आणि खरं सांगायला बसलेच आहे तर पुढचंही सांगते. रजिस्टर मिटल्यावर माझा हात कुठं गेला असेल? मोबाइलकडे. गट उघडला आणि लिहिलं, 'नदीसुरय परत आले आहेत, तीन वर्षांपासून आहेत.' मला त्या सगळ्यांना कळायला हवं होतं की माझ्यामुळं काही संपलं नव्हतं. अंगठा बाणावर होता. तू गेल्याला वीस दिवस झाले होते आणि मी पुन्हा तेच करत होते. मी एकेक अक्षर पुसलं. तू मला बरोबर ओळखलं होतंस, हे कळल्यावर राग कमी व्हायला हवा होता. तो वाढला.

दुसऱ्या दिवशी मंगळवार होता. स्कूटी मला येत नाही, म्हणून बसनं पारशिवनी आणि तिथून काळीपिवळीत कोंबून गेले. रामाजी घरापुढं जाळं दुरुस्त करत बसला होता. चार वर्षांत म्हातारा झाला आहे.

"या बाई. लय सालानं आल्या."

"नर्सबाईची छत्री न्यायले आली."

"त्या काहून नाही आल्या? तीन मंगळवार झाले, वाट पाहून राहिलो."

"त्या गेल्या, रामाजी."

"कुठं? पोराकडं?"

"नाही गा."

त्यानं जाळं बाजूला ठेवलं. आत जाऊन छत्री घेऊन आला. पुसून आणली होती. "ऊन चढलं का हे उघडून बसत होत्या झाऊआड. कोनी रेतीवाला इकडं आला तं याच छत्रीनं हाकलत होत्या त्याले." मी विचारलं, माझं नाव काढायच्या का कधी? मला काय ऐकायचं होतं ते तुला कळतंय. रामाजी सरळ माणूस आहे.

"काढत होत्या ना. म्हनत, रामाजी, कुंदाबाई आल्या तं सांगजो, इथं काही नाही, साळुंक्या आहे म्हना." बिचारा अडचणीत पडला होता. "तं आता काय करू बाई? सांगू का, साळुंक्या आहे म्हून?"

"नको सांगू," मी म्हटलं. "डोंगा काढ."

मला लोक म्हणतील, शेवटी तिनं तुला सांगितलंच ना, छत्रीचं निमित्त करून. मी तसं धरत नाही. तुला छत्रीचीच काळजी होती असं मी धरते. तुला मला काही सांगायचं असतं तर तीन वर्षं होती, ओटा होता, खीर होती. मरताना अर्धं वाक्य टाकून तू सुटणार नाहीस.

बेटावर मी झाऊआड बसले. उभ्यानं काही दिसत नाही. ऊन चढल्यावर छत्री उघडली, मोडकी काडी सारखी कानाला लागत होती. दोन तास बसले. मोजलं, पुन्हा मोजलं, तुझ्यासारखं बोटांच्या पेरांवर. रामाजी डोंग्यात पाठमोरा बसून होता. परत येऊन त्याच्या ओट्यावर मी रजिस्टर भरलं, तुझ्या नोंदीच्या खाली, माझ्या पोस्टातल्या अक्षरात. सगळे रकाने भरले. गावाचा कोरा ठेवला. पुढील भेट, मंगळवार.

काल लेन्सवाल्या साहेबांचा निरोप आला. शोभाताईंच्या स्मरणार्थ गटाची एक सहल काढायची आहे, तर वसंतात त्या कुठं कुठं जायच्या ते कुंदाताईंनी सांगावं. मी वाचलं आणि ठेवून दिलं. आज दुसरा दिवस आहे. पाहा, तीळ भिजतो आहे.

आता तू विचारशील. तुला राहवणारच नाही, तीन मंगळवार चुकलेत तुझे. जोड्या किती राहिल्या, अंडी आली का, कावळे फिरकले का, पोट भिजवून येतात का अजून. शोभे, मी डोळ्यांनी पाहून आले आहे आणि सगळं लिहून ठेवलं आहे. रजिस्टर माझ्याकडे आहे, छत्री माझ्याकडे आहे, आणि तुला ते आता कुठून कळणार नाही. विचार, किती विचारायचं ते विचार.

काही नाही वं. साळुंक्या.

लयच साळुंक्या.